उसानंतरचे त्रिनिदाद

त्रिनिदादच्या ग्रामीण भागात फिरायचे ठरले, तेव्हा मी आधी त्या बेटाच्या पिकांचा नकाशा समजून घेतला. कॅरिबियन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढरी वाळू आणि निळे पाणी येते. पण व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून जेमतेम 11 किलोमीटरवर असलेले हे बेट मळ्यांचे बेट म्हणून घडवले गेले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 4,800 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहूनही बरेच कमी. उत्तरेला दाट जंगलाची डोंगररांग, तिच्या पायथ्याशी पश्चिमेकडे पसरलेले कारोनीचे सपाट मैदान, मध्यभागी माँटसेराटच्या टेकड्या, पूर्वेला अटलांटिकच्या काठाने नारळाच्या बागा आणि दक्षिणेला खनिज तेल. मैदानात ऊस, टेकड्यांवर कोको आणि किनाऱ्यावर नारळ अशी ही वाटणी पिढ्यानपिढ्या टिकली. तिन्ही पिके दूरच्या बाजारासाठी होती आणि ती पिकवणाऱ्यांच्या घरात त्यांतले फारसे काही राहत नसे.

मी वारणेच्या खोऱ्यातील उसाच्या गावात वाढले. आमच्याकडे लग्नाची तारीख, शाळेची फी, घराची डागडुजी, सगळे उसाच्या बिलाकडे डोळे लावून ठरते. त्यामुळे 2003 साली त्रिनिदादच्या सरकारने आपली साखर कंपनी गुंडाळायला घेतली आणि काही वर्षांतच त्या मैदानातून ऊस जवळजवळ नाहीसा झाला, हे वाचल्यापासून एक प्रश्न मनात घर करून होता: ऊस गेल्यावर उसाच्या गावाचे काय होते? मावसभाऊ पॉइंट लिसासच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असल्यामुळे राहण्याची सोय झाली, आणि मार्चअखेरीस, म्हणजे तिथल्या कोरड्या ऋतूत, मला ते मैदान पाहायला मिळाले.

एकेकाळी हा ऐन तोडीचा हंगाम असे. जानेवारीपासून मे-जूनपर्यंत फड पेटवून पाचट जाळले जाई, काळी राख वाऱ्याने उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे आणि उसाने भरलेल्या गाड्यांची वजनकाट्यापाशी रांग लागे. आता शाग्वानास ते कूवा या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच गवत, मधूनच नव्या घरांच्या एकसारख्या ओळी, भाजीचे हिरवे पट्टे आणि बेजुकालच्या बाजूला भाताची खाचरे दिसतात. गवतात कुठेकुठे खोडव्याचा ऊस अजून उगवून येतो. त्याला कोणी पाणी देत नाही, कोणी तोडत नाही. शाळेतून परतणारी मुले तेवढी एखादे कांडे मोडून घेतात.

आमच्या गाडीचे चालक साठीच्या पुढचे गृहस्थ होते. तिथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना अंकल म्हणत असे. भाड्याच्या गाडीच्या नंबरपाटीवर तिथे इंग्रजी एच हे अक्षर असते आणि अशा मोटारी ठरलेल्या मार्गावर माणशी भाडे घेऊन धावतात. अंकलनी आमच्यासाठी आपला मार्ग बाजूला ठेवला होता. त्यांचे आजोबा आणि वडील ऊसतोडीला होते आणि ते स्वतः कंपनीत ट्रॅक्टर चालवीत. 1975 साली सरकारने ताब्यात घेतलेली, आणि ते वर्ष नावातच वागवणारी कारोनी 1975 लिमिटेड ही कंपनी वर्षानुवर्षे तोट्यात होती. युरोपात साखरेला मिळणारा सवलतीचा दर फार काळ टिकणार नाही हेही दिसू लागले होते. सुमारे 9,000 कामगारांना स्वेच्छानिवृत्तीचे पैसे आणि शेतीसाठी प्रत्येकी दोन एकर जमीन भाडेपट्ट्याने देण्याचे ठरले. पैसे आले, जमिनीचे काम मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले. स्वतंत्र ऊसउत्पादक शेतकऱ्यांनी आणखी काही हंगाम दक्षिणेच्या सेंट मॅडलिन कारखान्याला ऊस घातला आणि 2007 मध्ये तेही गाळप थांबले. हा कारखाना एकोणिसाव्या शतकात उभा राहिला तेव्हा ब्रिटिश साम्राज्यातील सर्वांत मोठ्या कारखान्यांत गणला जात होता. आता तिथे गंजलेले पत्रे आणि थंड चिमण्या आहेत. अंकलनी गाडी थांबवली, खाली उतरून मला वजनकाट्याची जागा दाखवली आणि कोणत्या बाजूने गाड्या आत येत, कोणत्या बाजूने रिकाम्या बाहेर पडत, हे एखाद्या नव्या चालकाला समजावावे तसे हातवारे करून सांगितले.

या मैदानाचा इतिहास ज्यांच्या अंगावर लिहिला गेला, ती माणसे दोन खंडांतून आणली गेली. 1 ऑगस्ट 1838 रोजी आफ्रिकन गुलामांना पूर्ण मुक्ती मिळाली, आणि ज्या मळ्यांवर त्यांचा घाम आणि रक्त सांडले तेथे राहण्याची त्यांच्यातील अनेकांची इच्छा उरली नाही, हे अगदी स्वाभाविक होते. मग मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे पाहिले. 30 मे 1845 रोजी फातेल रझाक नावाचे जहाज दोनशेवर मजुरांना घेऊन पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदरात आले. तेव्हापासून 1917 पर्यंत 1,40,000 हून अधिक माणसे पाच वर्षांच्या करारावर येथे आली, आणि त्यांतील बहुतेक परत गेली नाहीत. जहाजे कलकत्त्याहून आणि काही मद्रासहून सुटत. माणसे मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेशातील आणि बिहारमधील. आपल्या कोकणातून अशाच करारावर गेलेली माणसे मॉरिशसला उतरली, त्यामुळे त्रिनिदादमध्ये मराठी घराण्यांचा माग शोधण्यात अर्थ नाही. करारातील मजुराला परवाना घेतल्याशिवाय मळ्याबाहेर जाता येत नसे आणि कामावर न आल्यास तुरुंगवास होत असे. बराकींमध्ये एका कुटुंबाला एक खोली, अशी त्यांची वस्ती होती.

जमीन त्यांच्या हाती आली ती उशिरा आणि थोडी. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मजुराला मायदेशी परतीचा प्रवास देणे सरकारवर बंधनकारक होते. तो खर्च वाचवण्यासाठी 1869 पासून काही वर्षे परतीच्या प्रवासाऐवजी जमिनीचा तुकडा देण्यात आला. माणसे राहिली, गावे वसली आणि त्यांतल्या काही गावांना त्यांनी मागे सोडलेली नावे मिळाली. बराकपूर, फैजाबाद, गोवळकोंडा, कलकत्ता सेटलमेंट, हिंदुस्तान. टेकड्यांच्या भागात पूना नावाचेही एक गाव आहे, आणि त्या नावाची पाटी दिसल्यावर मावसभावाने गाडी थांबवायला लावून तिच्याशेजारी उभ्या उभ्या पुण्याला दूरध्वनी केला, तो प्रसंग आमच्या घरात बराच काळ सांगितला जाईल.

मला या गावांमध्ये सर्वांत महत्त्वाचे वाटले ते परसू. गावातील आडव्या गल्लीला तिथे ट्रेस म्हणतात. अशा ट्रेसच्या दोन्ही बाजूंना खांबांवर उचललेली घरे असतात आणि घराखालच्या सावलीत दोरीचा झोपाळा, लाकडी बाक, कपडे धुण्याची जागा असा सारा संसार मांडलेला असतो. अंगणाच्या एका कोपऱ्यात बांबूच्या काठ्यांवर लहान निशाणे फडकत असतात. त्यांना झंडी म्हणतात. पूजा झाली की त्या देवतेच्या रंगाची झंडी रोवायची असा प्रघात आहे, मारुतीची लाल. जुन्या झंड्या उन्हापावसात विटून जातात, तरी त्या उपटत नाहीत, त्यांच्या शेजारी नवी रोवली जाते; त्यामुळे कोणत्या घरात किती पूजा झाल्या ते रस्त्यावरूनही समजते. मागच्या बाजूला अळू, भेंडी, वाल, कारली, चवळीच्या लांब शेंगा, दुधी, हिरवी मिरची, कढीलिंब आणि एखादे आंब्याचे झाड. ऊस कंपनीचा होता, दर लंडनमध्ये ठरत होता, पण हे परसू मजुराचे होते आणि त्यात काय लावायचे हे घरातली बाई ठरवीत होती. गुलामगिरीच्या काळातही मळ्याच्या कडेला, पडीक उतारावर, आफ्रिकन माणसे स्वतःच्या पोटापुरते कंद आणि केळी लावीत आणि उरलेले रविवारच्या बाजारात विकत. या बेटाचे आजचे ग्रामीण जीवन मोठ्या मळ्यांच्या कडेकडेने उभ्या राहिलेल्या या लहान तुकड्यांतून आले आहे, असे मला जसजशी फिरत गेले तसतसे अधिक स्पष्टपणे जाणवले.

अंकलच्या मोठ्या बहिणीच्या घरी आम्ही सकाळी न्याहारीला गेलो. त्या ऐंशीच्या घरातल्या होत्या. सगळे गाव त्यांना आजी म्हणते, म्हणून मीही म्हटले आणि त्या मला पहिल्या वाक्यापासून बेटा म्हणू लागल्या. घरात गॅसची शेगडी होती, तरी वांगे भाजायला त्यांनी मागच्या अंगणातली चूल पेटवली. वांग्याला सुरीने खाचा पाडून प्रत्येक खाचेत लसणाची पाकळी दाबून बसवली, निखाऱ्यावर फिरवत फिरवत ते पूर्ण काळे होऊन मऊ पडेपर्यंत भाजले, साल काढून गर कुस्करला, त्यावर बारीक कांदा घातला आणि कढत तेल ओतले. तेल पडताना जो आवाज झाला, त्याबरोबर त्या माझ्याकडे पाहून हसल्या, कारण मी आपसूक पुढे झुकले होते. या पदार्थाला तिथे बैंगन चोखा म्हणतात. सोबत जाड, फुगलेली सादा रोटी. आजींना भोजपुरीची गाणी येतात, बोलणे मात्र इंग्रजीतून. त्यांच्या नातवंडांना गाणीही येत नाहीत. स्वयंपाकघरातले शब्द तेवढे सगळ्यांकडे शाबूत आहेत: तवा, बेलना, लोटा, चुल्हा, घुटनी. पूजेचे किंवा लग्नाचे जेवण सोहारी नावाच्या रुंद पानावर वाढतात. त्यांनी परसातून ती पाने तोडून आणली आणि आम्हीही त्यावरच जेवलो.

जेवताना अंकलनी मला आमच्या गावच्या उसाबद्दल विचारायला सुरुवात केली. टनाला काय मिळते, तोड कोण करते, कारखाना कोणाचा? मी त्यांना सहकारी साखर कारखान्याची कल्पना सांगितली: 1950 च्या सुमारास प्रवरानगरला शेतकऱ्यांनी शेअर घेऊन कारखाना उभा केला, पुढे आमच्या वारणेसह अनेक ठिकाणी तसे झाले, आणि ऊस पिकवणारा हाच कारखान्याचा सभासद असतो. या कल्पनेने ते फार प्रभावित झाले. त्यांच्या देशात जमीनही कंपनीची आणि कारखानाही कंपनीचा, त्यामुळे कंपनी गेली तेव्हा मजुराच्या हाती निवृत्तीचा धनादेश आणि जमिनीचे आश्वासन एवढेच राहिले. मग त्यांनी पुन्हा विचारले की तोड करणारेही सभासद असतात का. मी सांगितले की नसतात. ते बीडकडून टोळीने येतात, मुकादमाकडून उचल घेतात, हंगामभर फडाजवळ खोपी घालून राहतात आणि पाऊस यायच्या आत परत जातात. आजींनी त्यांच्या मुलांच्या शाळेबद्दल विचारले. मला जे माहीत होते ते मी सांगितले, आणि ते सांगताना मनात स्वच्छ उमटले की ज्यांच्या ओसरीवर मी बसले होते ते तोडणाऱ्यांचे वंशज होते आणि मी ऊस लावणाऱ्यांची मुलगी आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या त्रिनिदादच्या कराराची, बराकींची आणि उचलीत बांधलेल्या कष्टांची कहाणी वाचताना आपल्याला सात्त्विक संताप येतो; तो संताप आपल्या शिवारापर्यंत यायला हवा, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

कारोनीच्या मैदानात आणखी एक ओळखीचा प्राणी भेटला, तो म्हणजे म्हैस. उसाच्या गाड्या ओढण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातून मुऱ्हा, सुरती, जाफराबादी अशा जातींच्या म्हशी आणि रेडे आणले गेले. ट्रॅक्टर आल्यावर त्यांचे काम संपले, तेव्हा स्टीव्ह बेनेट या पशुवैद्यांनी त्यांच्यातून निवड करीत मांसासाठी एक नवी जात तयार केली आणि तिला बफेलिप्सो असे नाव मिळाले. आपल्याला म्हैस म्हटले की दूध आठवते. इथे दुधाचा विचार फारसा कोणी केला नाही.

वॉटरलू या किनारी गावातले समुद्रातील देऊळ पाहायला गेले, तेव्हा भरती होती आणि पाणी पायवाटेच्या दगडांना लागत होते. शिवदास साधू नावाच्या ऊसमजुराने 1947 साली किनाऱ्यावर एक देऊळ बांधायला घेतले. जागा दलदलीची, कोणाच्या उपयोगाची नसलेली, पण मालकी साखर कंपनीची. 1952 मध्ये ते देऊळ पाडण्यात आले, आणि शिवदासांना अतिक्रमणाबद्दल 14 दिवस तुरुंगात काढावे लागले. जमिनीवर जर देवाला जागा नसेल तर समुद्रावर कोणाची मालकी नाही, असे म्हणून त्यांनी ओहोटीच्या वेळी सायकलवरून दगड, सिमेंट आणि वाळू नेऊन समुद्रातच भराव घालायला सुरुवात केली. मजुरी सांभाळून, एकट्याने, हे काम त्यांनी आयुष्यभर केले. लाटांनी झिजलेल्या त्या अपुऱ्या देवळाची 1995 साली, पहिल्या जहाजाच्या आगमनाला 150 वर्षे झाली तेव्हा, सरकारने नव्याने बांधणी केली. आजचे पांढरे अष्टकोनी देऊळ, पायवाटेवरच्या झंड्या, शेजारच्या किनाऱ्यावरचे दहनस्थळ आणि शिवदासांचा पुतळा हे सगळे त्या जागेवर आहे जिथे त्यांना उभे राहायला मनाई होती. मला तीर्थस्थानांची फारशी ओढ नाही. पण त्या पायवाटेवरून चालताना प्रत्येक दगड सायकलवरून आणला होता या विचाराने मी हलून गेले.

तिथून जवळच कारापिचाइमा येथे दत्तात्रेयांचे मंदिर आहे आणि त्याच्यासमोर 85 फूट उंच मारुती उभा आहे. म्हैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींच्या परंपरेतले हे मंदिर द्राविडी शैलीचे आहे. औदुंबर आणि नरसोबाची वाडी पाहत वाढलेल्या माझ्यासारखीला दत्ताचे हे भव्य, रंगीत रूप नवे होते.

दक्षिणेकडच्या प्रवासाबद्दल मी थोडक्यातच लिहिते, कारण तेलाचा प्रदेश शेतीच्या प्रदेशापेक्षा वेगळा आहे. फैजाबाद येथे 19 जून 1937 रोजी युराया बटलर यांच्या नेतृत्वाखाली तेलकामगारांचा संप पेटला आणि त्या दिवशी आजही देशभर कामगार दिन पाळतात. ला ब्रेआचे सुमारे 100 एकरांचे डांबराचे सरोवर पायांखाली किंचित दबते आणि दुपारच्या उन्हात त्याचा वास घशात बसतो. मात्र त्याच दक्षिणेत, मोरुगाकडच्या टेकड्यांमध्ये, एक असे पीक आहे की ज्यासाठी मी पुन्हा तिकडे जाईन. 1812 च्या अमेरिकन युद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना 1816 च्या सुमारास येथे प्रत्येकी 16 एकर जमीन देऊन वसवण्यात आले. सैन्यातील तुकड्यांप्रमाणे त्यांच्या गावांची नावे पडली, थर्ड कंपनी, फिफ्थ कंपनी अशी, आणि ती तशीच आहेत. त्यांच्या वंशजांपैकी काही शेतकरी अजून डोंगरउतारावर, चिखलणी न करता, पावसाच्या भरवशावर लालसर दाण्याचा भात पिकवतात. आपल्या कोकणातला वरकस जमिनीवरचा भात ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती शेती पाहताक्षणी ओळखू येईल. ऊस नाही, कोको नाही. स्वतःच्या खाण्याचे धान्य, स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर.

माँटसेराटच्या टेकड्या मार्चमध्ये पाहाव्यात. कोकोला सावली लागते, म्हणून मळेवाल्यांनी त्याच्यावर इमॉर्टेल नावाची उंच झाडे लावली. ही आपल्या पांगाऱ्याच्या कुळातली झाडे, कोरड्या ऋतूत पाने गाळून शेंदरी-तांबड्या फुलांनी भरून जातात. दरीच्या वरच्या वळणावरून पाहिले की खाली कोकोच्या गडद हिरव्या पानांचा थर आणि त्यावर हा तांबडा थर, असा डोंगर दिसतो. माझ्या वेळी बहर ओसरत आला होता आणि वाट फुलांनी झाकली होती.

कोकोचे फळ फांदीच्या टोकाला लागत नाही, थेट खोडाला आणि जाड फांद्यांना लागते, फणसासारखे. ग्रान कूवाजवळच्या एका जुन्या बागेत एका शेतकऱ्याने पिकलेले केशरी फळ हातातल्या कोयत्याच्या एका घावात उघडून माझ्या हातावर ठेवले. आत पांढऱ्या, ओल्या गरात लपेटलेल्या बिया कणसाच्या दाण्यांप्रमाणे ओळीत बसल्या होत्या. तो गर चोखायचा. चव आंबटगोड, सीताफळ आणि लिंबू यांच्या मधली, आणि तिच्यात चॉकलेटचा मागमूसही नसतो. बी चावली तर कडू जहर. या बिया लाकडी पेट्यांत भरून, वर केळीची पाने घालून, सुमारे आठवडाभर आंबवतात आणि मधून मधून पेटी बदलून वर-खाली करतात. त्या काळात पेटीत हात घातला तर चटका बसेल इतकी उष्णता असते. मग त्या कोकोघराच्या लाकडी मजल्यावर वाळत घालतात. कोकोघराचे छप्पर रुळांवर असते: ऊन असेल तेव्हा ते ढकलून बाजूला सारायचे आणि ढग आला की धावत जाऊन ओढून घ्यायचे. पूर्वी वाळत आलेल्या बियांवर पाणी शिंपडून बायका-पुरुष अनवाणी त्यांच्यावर नाचत, म्हणजे टरफल चकचकीत होई. आता हे काम बहुतेक पाहुण्यांना दाखवण्यापुरते होते, पण त्या शेतकऱ्याने पायाने बिया कशा फिरवायच्या हे दाखवताना जी सहज लय पकडली ती दाखवण्यापुरती नव्हती.

जगात चॉकलेट बनवणारे लोक ज्या त्रिनितारिओ जातीला मान देतात, ती या बेटावर एका संकटातून जन्मली. 1727 मध्ये इथल्या नाजूक क्रिओलो कोकोच्या बागा एका आपत्तीत नष्ट झाल्या. काही दशकांनंतर मुख्य भूमीवरून आणलेल्या काटक फोरास्तेरो रोपांचा उरल्यासुरल्या झाडांशी संकर झाला, आणि चवीने पहिल्यासारखी, जोमाने दुसऱ्यासारखी अशी नवी जात मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या टेकड्या सोन्याच्या झाल्या. गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांनी 1866 ते 1870 या काळात सरकारी जमीन लहान शेतकऱ्यांना विकत घेता येईल असे धोरण आणले, आणि व्हेनेझुएलातून आलेले मिश्रवंशी कोको पान्योल, मुक्त आफ्रिकन, करार संपलेले हिंदुस्थानी असे सगळे टेकड्यांवर चढले. ज्यांच्याकडे पैसे नव्हते ते मालकाच्या जमिनीवर कोको लावून देण्याचा करार घेत: झाडे फळाला येईपर्यंत ती सांभाळायची, तोवर ओळींच्या मधल्या जागेत आपला मका, कंद आणि वाटाणे पिकवायचे, आणि शेवटी झाडामागे ठरलेली रक्कम घेऊन पुढच्या जागी जायचे. म्हणजे इथेही पोटाचे पीक दुसऱ्याच्या पिकाच्या फटीत. 1920 नंतर दर कोसळला, 1928 मध्ये विचेस ब्रूम हा बुरशीचा रोग दिसू लागला आणि टेकड्यांचे वैभव ओसरले. पण संशोधन थांबले नाही. सेंट ऑगस्टीनच्या विद्यापीठाच्या देखरेखीखालील आंतरराष्ट्रीय कोको जनुकसंग्रह आजही इथे आहे, आणि त्यात जगभरातून आणलेल्या दोन हजारांवर प्रकारांची झाडे जमिनीत लावून जपली आहेत. कोकोचे बी वाळवून कपाटात ठेवता येत नाही. ती जात टिकवायची तर झाडच जगवावे लागते.

उत्तरेकडच्या लोपिनोच्या दरीत मला असेच एक जगवलेले गाव दिसले. 1940 च्या दशकात शेजारच्या काउरा दरीत धरण बांधायचे म्हणून तिथल्या लोकांना उठवले गेले आणि त्यांतील अनेकांना लोपिनोला, एका फ्रेंच सरदाराच्या जुन्या कोकोमळ्यावर, वसवण्यात आले. धरण कधी बांधलेच नाही. माणसे आपला कोको आणि नाताळातली स्पॅनिश परांग गाणी घेऊन आली होती, आणि आज परांगसाठी साऱ्या देशात लोपिनोचे नाव घेतात. कोयना आणि धोम यांचे विस्थापित ज्यांच्या परिचयाचे आहेत, त्यांना या गोष्टीतील सल वेगळा समजावून सांगायला नको.

पूर्वेचा किनारा हे या बेटाचे सर्वांत मोकळे दृश्य आहे. मांझानिया ते मायारो हा रस्ता मैलोन् मैल नारळीच्या बनातून जातो. डाव्या हाताला अटलांटिकच्या मातकट, जोरदार लाटा आणि उजव्या हाताला नारिव्हाची पाणथळ, जिला 1993 पासून रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा आहे आणि जिच्या गोड्या पाण्यात मॅनेटी हा शांत सागरी सस्तन प्राणी राहतो. नोव्हेंबर 2014 च्या पुरात पाणथळीचे पाणी समुद्राकडे वाट काढत या रस्त्याचे मोठे तुकडे घेऊन गेले होते. समुद्र आणि दलदल यांच्यामध्ये माणसाने घातलेली ही अरुंद पट्टी किती तात्पुरती आहे, ते तिथे गाडी चालवताना सतत जाणवते.

याच किनाऱ्यावर उत्तरेला मातुरा हे गाव आहे. मार्च ते ऑगस्ट या काळात लेदरबॅक जातीची प्रचंड समुद्री कासवे तिथे आणि त्याच्या पलीकडच्या ग्रांद रिव्हिएरच्या किनाऱ्यावर रात्री अंडी घालायला येतात. एकेका मादीचे वजन 300 ते 500 किलो भरते. पूर्वी गावकरी मांसासाठी त्यांना मारत. 1990 मध्ये या किनाऱ्यावर परवान्याशिवाय जाण्यास बंदी आली आणि त्याच वर्षी गावातल्या काही माणसांनी नेचर सीकर्स ही संस्था सुरू केली. तिच्यातले लोक गस्त घालू लागले, कासवांच्या परांना खुणेचे बिल्ले लावू लागले आणि पाहुण्यांना शिस्तीने कासवे दाखवू लागले. आमची मार्गदर्शक पंचविशीतली मुलगी होती. लाल काचेच्या विजेरीच्या उजेडात तिने आम्हाला मादीच्या मागे बसवले. मागचे पर आळीपाळीने वाळूत घालून, टोक आत वळवून, ती मादी वाळू अलगद बाहेर काढत होती, आणि तिला दिसत नसलेल्या त्या खड्ड्याच्या भिंती तरीही सरळ उतरत होत्या. अंडी पडू लागल्यावरच मुलीने मोजपट्टी काढली, कारण एकदा अंडी घालायला सुरुवात झाली की मादी विचलित होत नाही.

मी तिला आपल्या वेळासबद्दल सांगितले: रत्नागिरी जिल्ह्यातले लहान गाव, ऑलिव्ह रिडले कासवे, 2002 पासून सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने केलेले काम आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येणारी माणसे. आमच्याकडे अंडी घरट्यातून काढून कुंपणातल्या वाळूत पुरतात, हे ऐकून तिने लगेच कारण विचारले. कोल्हे, कुत्री आणि माणसे, असे मी म्हटले. त्यांच्याकडे कुत्र्यांचा त्रास आहे, पण किनाऱ्याच्या धुपीने वाहून जाणाऱ्या घरट्यांचा प्रश्न त्याहून मोठा आहे. अशा घरट्यांतली अंडी हलवावीत का आणि हलवली तर किती तासांच्या आत, यावर त्यांच्या गटात अजून वाद चालू असतात. वेळासला पाहुण्यांची राहण्याची सोय गावातल्या घरांमध्येच होते हे तिला विशेष आवडले. एका घराला एका रात्रीचे किती मिळतात, जेवण कोण बनवते, पैसे गावात वाटले जातात की एकाच्याच हाती जातात, असे तिने बारकाईने विचारून घेतले आणि वेळासच्या संस्थेचा पत्ता पाठवण्याचे माझ्याकडून कबूल करून घेतले. तेवढ्यात तिच्या सहकाऱ्याने किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाकडून हाक मारली. आणखी दोन माद्या वर आल्या होत्या, आणि त्यांची मापे घ्यायची होती.